टेलिफोनच्या तारेतून आलेली वीज

हे गेले त्याच महिन्यात आमच्या घरात ब्रॉडबँड आलं. मुलगी टोरांटोहून आली होती. सगळं तिनंच केलं. दिवसकार्यासाठी चंदिगडच्या महाराष्ट्र मंडळातल्या एकांनी अंबाल्याहून गुरुजी शोधून आणले होते. ते बाहेरच्या खोलीत मंत्र म्हणत होते आणि आतल्या खोलीत टेलिफोनवाले दोघे जण भिंतीला भोक पाडत होते. ड्रिलचा आवाज आला की गुरुजी थांबायचे, आवाज थांबला की पुढं सुरू करायचे. मी दोघांच्या मधल्या दारात उभी होते. कुणी काही मागितलं की आणून देत होते.

हे सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत होते. मोजमापाची उपकरणं बनवायची आणि तपासायची, हे त्यांचं काम. फेब्रुवारीतल्या एका सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी तिथंच, जेवून उठताना, पुन्हा खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

परत जाण्याआधी मुलीनं मला कॅमेरा कसा लावायचा, कुठं टिचकी मारायची, हेडफोन कुठं खुपसायचा हे शिकवलं. मोडेम म्हणजे एक पांढरी चपटी डबी. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट येतं ते या डबीत, आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. डबीवर हिरवे दिवे होते. "सगळे जळायला लगे ना, तो समझो मैं आ गई," ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे. चंदिगडमध्येच जन्मली आणि वाढली. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असंच घरात चालत आलं होतं.

मग रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी त्या पडद्यासमोर बसायला लागले. तिच्याकडं रात्र असायची. तिचा चेहरा अडकत अडकत यायचा, ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. खाल्लंस का, झोप लागते का, बाई येते का कामाला. मी हो म्हणायचे. मग आम्ही एकमेकींकडं नुसत्या बघत बसायचो. ती माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधायची. तिला ते सापडत नाही, हे मला दिसायचं, पण त्याचंही मला काही वाटायचं नाही.

काही वाटत नव्हतं हे मी आज लिहू शकते. तेव्हा शब्दही सुचत नव्हता. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं सगळं अंग झालं होतं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. फळ्यावर पानाचा छेद काढायचे, नावं लिहायचे, मुली वहीत उतरवून घ्यायच्या. एकदाही चुकले नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करायचे. आणि घरी येऊन दोन माणसांचा स्वयंपाक करायचे.

दुसरं माणूस म्हणजे मामंजी. ह्यांचे वडील. कऱ्हाडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे. मुलाचे दिवस करायला आले आणि मागं राहिले. मी राहा म्हटलं नव्हतं, त्यांनीही राहतो म्हटलं नव्हतं. दीर परतीचं तिकीट काढायला निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "माझं काढू नकोस." पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. आमच्या सेक्टरच्या बाजारात लोक त्यांना मंत्रीजी म्हणायला लागले. त्यांचं हिंदी पुस्तकातलं होतं. दुकानात जाऊन, "कृपया मुझे आधा किलो शर्करा दीजिए," असं म्हणायचे आणि दुकानदार हात जोडून साखर द्यायचा.

मुलीशी बोलायला तेही येऊन बसायचे. माझ्या मागं स्टूल ओढून. बोलायचे थोडंच. "आजोबा, आप दिख रहे हो!" ती ओरडायची आणि ते कॅमेऱ्याला नमस्कार करायचे. मी कॉलेजला गेल्यावरही ते बराच वेळ तिथं बसून असत, बंद पडद्यासमोर.

मेच्या शेवटी आंधी आली. चंदिगडला त्या दिवसांत येतेच. दुपारची आधी एकदम हवा पडते, मग उत्तरेकडं, पिंजौरच्या डोंगरांवर, पिवळट काळं काहीतरी उभं राहतं आणि बघता बघता अंगावर येतं. धूळ, पानं, पत्रे. खिडक्या लावेपर्यंत पलंगावर मातीचा थर. त्या दिवशी धुळीच्या मागोमाग गडगडाट आला. मी स्वयंपाकघरात होते. एक पांढरा उजेड पडला, खिडकीतून नव्हे, सगळीकडूनच, आणि त्याच क्षणी एवढा मोठा आवाज झाला की मांडणीवरचं एक पातेलं खाली आलं. आवाज संपल्यावर आतल्या खोलीतून चट् असं काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक. मोहरी तडतडावी तसं.

मामंजी बनियनवर बाहेर आले. "कुठं पडली?"

"मागच्या गल्लीत पडली असेल," मी म्हटलं.

मागच्या गल्लीतल्या खांबावरून आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना टेलिफोनच्या तारा येत. खांबाशेजारचा सफेदा, म्हणजे आपली निलगिरी, उभा चिरला होता. साल लोंबत होती. आत गेले तर मोडेमवर एकही दिवा नव्हता. भिंतीतल्या टेलिफोनच्या खोक्याभोवती काळा डाग उमटला होता, आणि खोलीत वायर जळाल्याचा वास. फोन उचलला तर त्यात काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नाही. मी तो कानाला लावून बराच वेळ उभी होते.

"गेलं?" मामंजींनी विचारलं.

"गेलं."

"मग आता ती कशी दिसायची?"

"बघते," मी म्हटलं, आणि पातेलं उचलायला गेले.

फोन काही दिवसांत सुरू झाला. माणूस आला, नवी तार ओढून गेला. मोडेम मात्र जळालाच होता, आणि कॉम्प्युटरमध्ये ज्या ठिकाणी त्याची वायर जाते तेही. नवं आणायला सेक्टर बावीसच्या बाजारात जायचं एवढंच काम होतं. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असंही मनात आलं नाही. सकाळी पडद्यासमोर बसायचं नव्हतं, म्हणून मी त्या वेळात मागच्या अंगणात चहा प्यायचे. मुलगी फोनवर विचारायची, "मम्मा, नया मॉडेम ले आई?" मी सांगायचे, बघते. मामंजी रोज त्या मेलेल्या डबीवरची धूळ फडक्यानं पुसून ठेवत.

जूनमध्ये मी विद्यापीठात पेपर तपासायला जात होते. एका सकाळी मोबाइल वाजला. ह्यांच्या प्रयोगशाळेतले एक सहकारी होते. सरदारजी, ह्यांच्याच विभागातले इंजिनियर. रुग्णालयात माझ्याजवळ तेच थांबले होते.

"भाभीजी, घबराना मत," ते म्हणाले. "पिताजी यहाँ आए हैं."

"कहाँ?"

"यहाँ, लैब में. आप आ जाओ आराम से."

मी रिक्षा केली. वाटेत मला कळलं की फेब्रुवारीनंतर मी त्या रस्त्यानं गेलेच नव्हते. फाटकावरच्या रखवालदारानं ओळखलं आणि तो उभा राहिला. त्याच्याकडूनच नंतर कळलं ते असं: मामंजी सकाळी कापडी पिशवी घेऊन रिक्षानं आले. रिक्षावाल्याला म्हणाले होते, "मुझे अपने पुत्र के कार्यालय जाना है." त्यानं विचारलं कुठं, तर सेक्टर तीस, प्रयोगशाळा. फाटकावर नाव सांगितलं. रखवालदाराला वाटलं, या म्हाताऱ्याला मुलगा गेल्याचं माहीतच नाही. तेव्हा मामंजीच म्हणाले, "वह नहीं है, मुझे ज्ञात है. मुझे उसके मित्रों से काम है."

वरच्या मजल्यावर, लांबट खोलीत, मामंजी ह्यांच्या खुर्चीत बसले होते. टेबलावर कुणीतरी पुठ्ठ्याची खोकी ठेवली होती; ती एका बाजूला सारून मधे आमचा मोडेम उघडून ठेवला होता. सरदारजी वाकून भिंगातून बघत होते. अजून दोघे तरुण इंजिनियर शेजारी उभे.

"हे बघ," मामंजी मला म्हणाले, वर्गात बोलावं तसं. "इथून शिरली. हा ठिपका दिसतो का? आणि इथून बाहेर पडली."

मी भिंगातून बघितलं. हिरव्या पट्टीवर मसुराएवढा काळा डाग, त्याच्या कडेचं तांबं वितळून गोल झालेलं.

सरदारजींनी मला समजावून सांगितलं. आम्ही वर्षानुवर्षं कॉम्प्युटरला स्टॅबिलायझर लावून निर्धास्त होतो, पण तो विजेच्या लाइनीवर. ही वीज त्या बाजूनं आलीच नव्हती. ती जवळ कुठंतरी पडली आणि तिचा धक्का टेलिफोनच्या तारेतून घरात आला, कारण त्या बाजूला अडवणारं काहीच नव्हतं. तार घरात शिरते तिथंच एक छोटी डबी बसवायची. धक्का आला की ती त्याला जमिनीत वळवते. पण त्यासाठी घराचं अर्थिंग चांगलं हवं. जमिनीत जायला वाटच नसेल तर ती डबी काय करणार?

मी मान हलवत होते. ह्यांच्या टेबलाचा कोपरा मला दिसत होता. तिथं चहाच्या कपाचा गोल डाग होता. इथं पाऊल टाकलं की मी कोसळेन, अशी माझी समजूत होती, आणि म्हणूनच बहुधा इतके महिने हा रस्ता टाळला होता. तसं काही झालं नाही. मला भूक लागली होती, एवढं कळत होतं.

"तो इथंच बसायचा?" मामंजींनी मराठीतच विचारलं.

सरदारजींना कळलं. "जी. यहीं."

मामंजींनी टेबलावर पंजा पालथा ठेवला. थोड्या वेळानं उचलला आणि मोडेमचे तुकडे पिशवीत भरायला लागले.

पुढच्या रविवारी सरदारजी घरी आले, बरोबर एक इलेक्ट्रिशियन. आमचं घर तळमजल्यावरचं, मागं छोटं अंगण. तिथं कोपऱ्यात सिमेंटचं एक झाकण होतं. त्याखाली काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. ते उचललं तर आत कोरडी ठणठणीत माती, आणि अर्थिंगची तार जिथं पाइपाला जोडलेली असायला हवी तिथं गंजून तुटलेली. घराची वीज जमिनीत जाणारी वाट कधीपासून बंद होती कुणास ठाऊक. त्यांनी दुपारभर खणलं. नवा पाइप घातला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, जाड तार ओढून घरात आणली. टेलिफोनची तार शिरते तिथं करड्या रंगाची डबी बसवली आणि तीही त्याच तारेला जोडली. मी सगळ्यांना थालीपीठ करून वाढलं. सरदारजींनी तीन खाल्ली आणि म्हणाले, "वो डब्बे में लाते थे, आधा मेरा होता था."

"बरं," मी म्हटलं. मराठीत. त्यांना काय कळलं माहीत नाही.

जाताना त्यांनी मामंजींना दोन गोष्टी बजावल्या. एक, अर्थिंगची माती उन्हाळ्यात सुकू द्यायची नाही, रोज पाणी घालायचं. दुसरी, डबी बसवली म्हणून विसंबायचं नाही. ढग दिसले की मोडेमची टेलिफोनची वायर आणि विजेची वायर, दोन्ही काढून ठेवायच्या. पण आधी. गडगडाट डोक्यावर आला की मग कशालाच हात लावायचा नाही. "फिर जो जलता है जलने दो, पिताजी."

"समझ गया," मामंजी म्हणाले.

नवा मोडेम आला, कॉम्प्युटरमधला जळालेला भागही बदलून झाला. रोज सकाळी मामंजी आंघोळ करून अंगणात जात आणि झाकण उचलून लोटाभर पाणी त्या खड्ड्यात ओतत. शेजारणीला वाटलं काही व्रत असेल. तिनं विचारलं तर त्यांनी तिला त्यांच्या त्या हिंदीत सगळं विद्युत्शास्त्र सांगितलं. दुपारी ते आकाश बघत. उत्तरेकडं जरा काळं दिसलं की दोन्ही वायरी काढून खुर्चीवर वेटोळं करून ठेवत. मुलगी कधी बोलता बोलताच गायब व्हायची. "आजोबा ने फिर तार खींच दी?" ती फोन करून विचारायची आणि हसायची. तिचं हसणं मला फोनवर नीट ऐकू यायचं. हसते आहे, असं मी नोंदवायचे.

जुलैत एका दुपारी मामंजी झोपले होते. मी मागच्या अंगणातले कपडे काढत होते. पाऊस असा नव्हताच. ढग कधी आले ते मलाही कळलं नाही. पहिला गडगडाट झाला तोच डोक्यावर. मी कपडे घेऊन आत पळाले. आतल्या खोलीच्या दारात आले तर मामंजी झोपेतून उठून, अनवाणी, चष्मा न लावता, भिंतीकडं वाकले होते आणि चाचपडत टेलिफोनच्या खोक्यातली वायर शोधत होते. त्यांचा हात तिथं पोचतच होता.

"हात काढा!" मी ओरडले. "मामंजी, मागं व्हा! हात काढा तिथनं!"

लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. ते दचकून सरळ झाले आणि एक पाऊल मागं आले. खोली पांढरी झाली. आवाज कानात नाही, छातीत लागला. बाहेरच्या करड्या डबीतून टक् असं झालं, आणि मग पाऊस कोसळायला लागला.

ते तसेच उभे होते, एक हात पुढं केलेला. मी हातातले कपडे टाकले, त्यांना दंडाला धरून मधल्या खोलीत आणलं आणि पलंगावर बसवलं. आणि मग मी तिथंच जमिनीवर बसले. दात वाजत होते. काळीज इतक्या जोरात उडत होतं की पदर हलताना दिसत होता. मला कळेना हे काय होतंय. मग कळलं, की मला भीती वाटते आहे.

"तुम्हाला सांगितलं होतं ना!" मी म्हटलं. आवाज थांबतच नव्हता. "एवढं बजावून सांगितलं होतं त्यांनी! जळलं तर जळू दे, म्हणाले होते ना? तुम्हाला काही झालं असतं तर? मी काय करायचं होतं? एकटीनं इथं काय करायचं होतं मी?"

मामंजी माझ्याकडं बघत होते. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान दिसत.

"आवाज आहे की गं तुला," ते म्हणाले.

मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, भांडी वाजवत पेला शोधला आणि माठातलं पाणी आणून मला दिलं. निम्मं वाटेत सांडलं होतं. मी ते प्यायले.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर त्यांनी मला विचारून, माझ्यासमोर, मोडेमचं बटण दाबलं. दिवे एकेक करून लागले. आमच्या ओळीतल्या बाकी घरांचे फोन त्या दिवशी गेले होते, एकांचा टीव्हीही. लोक आमच्या अंगणात अर्थिंग बघायला आले. मामंजींनी झाकण उचलून दाखवलं. सरदारजींनी नंतर येऊन करडी डबी उघडली तर आतली काचेची नळी काळी पडली होती. "इसने अपना काम कर दिया," ते म्हणाले आणि नवी बसवून गेले.

त्या दुपारनंतर मी मोकळी झाले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तशीच होते. पण मधूनमधून आता काहीतरी टोचायचं. सेक्टर तीसच्या बाजूनं रिक्षा गेली की मान दुसरीकडं वळायची. एकदा वर्गात शिकवताना शब्द सुचेना आणि मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. रडू आलं ते ऑक्टोबरात, बँकेच्या रांगेत, कारण नसताना. पुढच्या बाईंनी मला त्यांच्या जागेवर उभं केलं.

दिवाळीनंतर दीर मामंजींना न्यायला आले. थंडी सुरू झाली होती आणि चंदिगडची थंडी त्यांना झेपली नसती. दिरांनी मलाही विचारलं. नोकरी सोडा, वहिनी, कऱ्हाडला चला, इथं तुमचं कोण आहे? ते प्रेमानंच म्हणत होते. जावं असंही वाटत नव्हतं, राहावं असंही नाही.

स्टेशनवर सामान डब्यात ठेवून झालं. दिरांनी पुन्हा विषय काढला. मामंजी खिडकीपाशी बसले होते, टोपी नीट करत.

"तिला नको विचारूस सारखं," ते म्हणाले. "तिचं तिला ठरवू दे. वेळ लागतो."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "थंडीत अर्थिंगला पाणी कमी घातलं तरी चालेल. विचारलंय मी."

गाडी हलली. दिरांनी हात हलवला. मामंजींनी नाही, ते आधीच समोरच्या प्रवाशाला, शुद्ध हिंदीत, ही गाडी दिल्लीला किती वाजता पोचेल ते विचारत होते. मी फलाटावरून बाहेर आले. बाहेर छान ऊन पडलं होतं. रिक्षावाल्यानं विचारलं कुठं जायचं, आणि मी बराच विचार करून त्याला घरचा पत्ता सांगितला.